यंत्रासाठीचा उपास

शहाद्यात एसटी स्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की थोडं पुढं पुखराजशेठचं कापडाचं दुकान लागतं. दुकान काही फार मोठं नाही, पण होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार सुरू झाले की सातपुड्यावरून उतरलेल्या पावरा मंडळींची तिथं अशी दाटी होते की शेठना स्वतःच्याच गादीवर बूड टेकायला जागा उरत नाही. शेठ घरात मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी अहिराणी, डोंगरातल्या माणसाशी तोडकीमोडकी पावरी, आणि बँकेत गेले की शुद्ध मराठी. बोलायला गोड, मापाला चोख. पण गावात त्यांचं नाव निघायचं ते कापडामुळं नव्हे. नाव निघायचं ते उपासामुळं.

उपास म्हणजे आपला साबुदाण्याच्या खिचडीचा नव्हे हो! पर्युषणात आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही, फक्त दिवसाउजेडी उकळून गार केलेलं पाणी. दरवर्षी त्यांची अठ्ठाई व्हायची. ती संपली की वरघोडा निघायचा, सजवलेल्या बग्गीत शेठ बसायचे, पुढं बँड, मागं बायका गाणी म्हणत. त्यांच्या पत्नी सज्जनबाई त्या बायकांत सगळ्यात पुढं. आता खरं ते खरं, शेठचे उपास अस्सल होते. त्यात खोट काढायची सोय नाही. पण त्या बग्गीची त्यांना चटक लागली होती, हेही तितकंच खरं. कुणी तापात दोन दिवस जेवला नाही तर ते त्यालाही विचारायचे, "पच्चक्खाण घेतलं होतं का?" म्हणजे हात जोडून, देवासमोर विधीनं नेम बोलला होता का. समोरचा नाही म्हणाला की शेठ हसून म्हणायचे, "मग तो उपास नव्हे भाऊ, ती उपासमार."

गेल्या खेपेला तर त्यांनी वर्षीतप धरलं होतं. एक दिवस जेवायचं, एक दिवस उपास, असं वर्षभराहून जास्त. अक्षय्यतृतीयेला उसाचा रस पिऊन ते सोडायचं. ती तिथी दीड-दोन महिन्यांवर आली होती आणि भोंगऱ्याची गर्दी ऐन भरात होती, तेव्हा एका दुपारी शेठ गिऱ्हाइकासमोर कापडाचा तागा उलगडता उलगडता धाडकन आडवे झाले. दुकानातला जुना माणूस हिलाल धावला, तोंडावर पाणी मारलं, हाका मारू लागला.

"शेठ! ओ शेठ! डोया उघाडा! काय व्हयनं तुम्हले?"

शेठनी डोळे उघडले. भोवती माणसांचं कोंडाळं. हिलाल गर्दीला समजावून सांगत होता, "उपासनी घेरी शे, दुसरं काही नही."

झालं! घेरी उपासाची ठरली. नंतर मंदिराच्या पायरीवर एकदा पडले, तर लोक म्हणाले, तपानं शरीर झिजलं, धन्य आहे. शेठ मान खाली घालून ते ऐकायचे, आणि आतून, काय सांगायचं, गुदगुल्या व्हायच्या त्यांना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी धरून कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाले, ईसीजी काढा, नाडी फार मंद चाललीय. शेठनी ते कानाआड केलं. डॉक्टर म्हणजे तप सोडायला सांगणार, आणि तप सुटलं तर उसाचा रस सुटला, बग्गी सुटली. सज्जनबाई पाठीमागं लागल्या, तर त्यांच्यावर डाफरले, "धर्माच्या कामात पाय आडवा घालू नकोस!" त्या बिचाऱ्या गप्प बसल्या.

उसाचा रस झाला, सत्कार झाला, आणि त्यानंतर रोज दोन वेळा पोटभर जेवत असताना शेठ तिसऱ्यांदा पडले. आता उपासाचं नाव पुढं करायची सोय उरली नाही. मुलगा रिषभ दुकान हिलालवर टाकून त्यांना नंदुरबारला घेऊन गेला. ईसीजी निघाला. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा ठोका खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता. तडक सुरतेला नेऊन पेसमेकर बसवला. घेरी थांबली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तर महिन्याभरात शेठना जिना चढताना धाप लागायला लागली.

सुरतेच्या डॉक्टरीणबाई मूळच्या जळगावकडच्या, त्यामुळं मराठीत बोलायच्या. त्यांनी सोनोग्राफी केली, छातीचा सीटी स्कॅन केला आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "काका, पेसमेकरनं ठोका चालू ठेवलाय. पण घरातली वायर जळली तर नुसता नवा दिवा लावून भागत नाही, वायर का जळली ते शोधावं लागतं. तुमच्या हृदयाचा स्नायू कमजोर होत चाललाय. छातीत श्वासनळीजवळ गाठीही आहेत. अशा गाठी आपल्याकडे बहुतेक वेळा टीबीच्या निघतात. पण सार्कॉइडोसिस नावाचा एक आजार आहे, त्यातही अशाच गाठी होतात, आणि तो हृदयात शिरला तर स्नायूला आतून सूज येते. दोन्हींची औषधं वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर घात होतो. म्हणून आधी पेट स्कॅन करू."

त्या स्कॅनची तयारी समजावून सांगायला एक तरुण आहारतज्ज्ञ मुलगी आली. म्हणाली, किरणांची खूण लावलेली साखर आम्ही शिरेतून देतो. एरवी हृदय साखर खातंच, मग फोटोत सगळंच चमकतं आणि काही कळत नाही. म्हणून आदल्या दिवशी साखर, पोळी, भात, डाळ, फळ, दूध, सगळं बंद. नुसतं तुपा-तेलाचं खायचं, आणि मग कडक उपास. मग हृदय साखर सोडून चरबीवर चालतं, आणि जिथं सूज आहे तेवढीच जागा साखर ओढते. तेवढीच चमकते.

"काय खायचं मग?" रिषभनं विचारलं.

"अंडी चालतील, मटण..."

सज्जनबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मुलगी गडबडली, म्हणाली, पनीर चालेल, तुपात तळून. आणि उपास मात्र नीट झाला पाहिजे, कित्येक पेशंट गुपचूप बिस्किट खातात आणि सगळं वाया जातं.

रिषभ हसला. "ताई, तुम्ही कुणाला सांगताय? माझ्या वडलांनी वर्षीतप केलंय. उपास त्यांच्याकडून शिका तुम्ही."

मुलगी ओशाळली. शेठनी नेहमीसारखी मान खाली घातली आणि नेहमीसारखं गालात हसले.

मुक्काम जैन धर्मशाळेत होता. आदला दिवस तुपातल्या पनीरवर काढला. दुपारपर्यंतच त्याचा असा वीट आला की वासानं मळमळायला लागलं. सूर्य मावळायच्या आत शेठनी कसेबसे चार तुकडे गिळले. सज्जनबाई म्हणाल्या, "उद्याचं पच्चक्खाण घेऊन टाका ना. तेवढाच मनाला आधार."

"यंत्रासाठी का कोणी पच्चक्खाण घेतं?" शेठ म्हणाले. "थट्टा आहे का धर्माची? आठ आठ दिवस काढलेत मी. ही एक सकाळ कसली!"

आणि इथंच फसले. बघा, पच्चक्खाण घेतलं की त्यांच्या पोटाला ते कळायचं. पोट मुकाट बसायचं. यंत्राचा उपास पोटाला कळलाच नाही. सकाळी जाग आली तीच भुकेनं. साधीसुधी भूक नव्हे, हात थरथरायला लावणारी. शिवाय भीती होती. आतापर्यंतच्या उपासांना शेवटी उसाचा रस होता, बग्गी होती. या उपासाच्या शेवटी काय निघणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"देरासरात दर्शन करून येतो," असं सांगून ते शेजारच्या जैन मंदिराकडे एकटेच निघाले. दर्शन केलंही, अगदी मनापासून. बाहेर आले आणि समोरच्या दुकानात कढईतून जिलेबी निघत होती. गरम तुपाचा वास नाकात गेला आणि शेठचे पाय तिथंच रुतले. आता गंमत पाहा माणसाची! सूर्य उगवल्यावर दोन घटका जाऊन नवकारशीची वेळ होईपर्यंत काही खायचं नाही हा त्यांचा रोजचा नेम. त्यांनी घड्याळात पाहिलं. नवकारशीला अजून थोडा वेळ होता. तर हा गृहस्थ देरासराच्या ओट्यावर शांतपणे बसून राहिला, वेळ टळू दिली, आणि मग उठून जिलेबी घेतली! धर्माचा नेम सांभाळला आणि डॉक्टरचा मोडला. भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या, पुडीच्या पुडी संपवली.

शेवटचा तुकडा घशाखाली उतरला आणि त्यांना शुद्ध आली. आपण काय केलं हे! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण हात चिकट होते. नळावर हात धुतले, चूळ भरली, आणि धर्मशाळेत येऊन म्हणाले, "फार छान दर्शन झालं."

दवाखान्यात बोटाला टोचून साखर तपासली, ती ठीक निघाली. शेठना वाटलं, चला, पचली. टेक्निशियननं विचारलं, काही खाल्लंय का, तर शेठनी तोंड उघडायच्या आत रिषभच म्हणाला, "पाण्याशिवाय काही नाही." शेठ खोटं बोललेच नाहीत. नुसते गप्प बसले. इंजेक्शन झालं, बराच वेळ एका खोलीत निजवून ठेवलं, मग यंत्रात घातलं. यंत्राच्या पोटात पडल्या पडल्या शेठनी हयातीत केली नव्हती इतकी एकाग्र प्रार्थना केली: देवा, दिसू देऊ नकोस.

दिसलं. डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. छातीच्या मधोमध अख्खं हृदय झगझगत होतं, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं. कुठला भाग आजारी आणि कुठला बरा, काही वेगळं काढायची सोय नव्हती.

"याचे दोनच अर्थ होतात," त्या म्हणाल्या. "एक तर काकांनी काही गोड खाल्लंय. नाहीतर खरंच अख्खा स्नायू सुजलाय."

"मॅडम, तुमचं मशीन तपासा!" रिषभचा आवाज चढला. "माझे वडील आणि खातील? शहाद्यात जाऊन कुणालाही विचारा!"

"मी तुमच्या वडिलांनाच विचारते. काका?"

शेठ टेबलाकडे बघत राहिले. सज्जनबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपास खरा असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. एवढी सूज जिवावर बेतू शकते. आजच भरती करून स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू करावा लागेल. गाठीचा तुकडा काढून तपासायला वेळ मिळणार नाही. पण एक सांगून ठेवते. त्या गाठी टीबीच्या असल्या, तर हेच औषध टीबीला मोकळं रान देईल. तो धोका पत्करून घरच्यांनी सही करायची."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द शेठच्या जिभेवर येऊन अडकला होता. बोलावं तर आयुष्यभराचं तप या मुलासमोर, या बायकोसमोर मातीत जाणार. न बोलावं तर? औषध अंगावर उलटलं आणि मेलो, तर निदान तपस्वी म्हणून तरी मरेन, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. अंत्ययात्रेला बाजार बंद राहील, हेही आलं. लाज वाटावी असा विचार, पण आला खरा.

"द्या, कुठं सही करायची?" रिषभ म्हणाला. त्यानं खिशातून पेन काढलं होतं. आवाज ठाम होता. "पप्पांनी नाही खाल्लं म्हणजे नाही खाल्लं."

ते पेन पाहिलं आणि शेठच्या मनात आलं: उद्या आपलं काही झालं तर हे पोर जन्मभर म्हणत राहील, मी सही केली.

"जिलेबी," शेठ म्हणाले.

"काय?"

"जिलेबी खाल्ली. सकाळी. देरासरासमोर. पुडीभर खाल्ली. वर कागदाला लागलेला पाकही चाटला."

रिषभनं पेन खिशात ठेवलं. वडिलांकडे एकदा पाहिलं, आणि खोलीबाहेर निघून गेला. शेठना वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जमीन दुभंगावी आणि आपण खुर्चीसकट आत जावं, असं झालं त्यांना.

डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीत मागं टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "काका, तुम्ही मला वाचवलंत," त्या म्हणाल्या. "चार दिवसांनी पुन्हा करू."

चार दिवसांनी पुन्हा केलं. या खेपेला रिषभ खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. शेठ पाणी प्यायला उठले तरी त्याचे डोळे त्यांच्या मागं जायचे. वर्षीतप केलेल्या माणसावर पहारा! शेजारच्या खोलीतल्या एका यात्रेकरूनं साध्या चौकशीनं विचारलं, "तब्येत कशी आहे?" तर शेठना तोही टोमणाच वाटला.

या वेळचा फोटो काळा निघाला. सगळं हृदय शांत, आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर तेवढे दोन-तीन ठिपके लालभडक. छातीतल्या गाठीही चमकत होत्या. आता कुठली गाठ टोचायची ते नेमकं कळलं. दुर्बिणीतून सुई घालून तुकडा काढला. टीबीचा जंतू सापडला नाही. पेशींची ठेवण पाहून आणि हृदयावरचे डाग जुळवून डॉक्टरीणबाईंनी सार्कॉइडोसिस ठरवलं. गोळ्या लिहून दिल्या, म्हणाल्या, वेळेत सापडलं, सूज उतरेल, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत आणि औषध चालू आहे तोवर उपास अजिबात नाही. शेठनी मान हलवली.

परतीच्या गाडीत खिडकीशी शेठ, शेजारी सज्जनबाई, समोर रिषभ. व्यारा गेलं आणि रिषभचा फोन वाजला. गावच्या जैन संघाचे हेमकांतभाई होते. रिषभ सांगत होता, "हो काका, निदान झालं. नाही, तसं काही नाही, मशीन बिघडलं होतं म्हणून दोनदा करावं लागलं."

शेठना ते ऐकवेना. त्यांनी हात पुढं करून फोन घेतला.

"हेमकांत, मशीन चांगलं होतं. मीच जिलेबी खाऊन गेलो होतो."

पलीकडं हसण्याचा गडगडाट झाला. फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होता. "वा शेठ, वा! मशीनचा दोष स्वतःवर घेताय! याला म्हणतात तपस्वी! या तुम्ही, पर्युषणात आणखी एक सत्कार करतो तुमचा!"

फोन बंद झाला. रिषभनं तो परत घेतला आणि तोंड फिरवून झोपेचं सोंग घेतलं.

"खरं सांगितलं तरी पटत नाही त्याला," शेठ पुटपुटले.

"मला पटलं असतं," सज्जनबाई म्हणाल्या. "मला सकाळीच कळलं होतं."

"कुठल्या सकाळी?"

"तुम्ही देरासरातून आलात त्या. मिशीला पाक होता. रिक्षात मी पदरानं पुसला. तुम्हाला वाटलं, घाम पुसतेय."

शेठ वळून त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे त्या खोलीत तुला ठाऊक होतं? डॉक्टरीणबाई ते औषध सुरू करायला निघाल्या होत्या, पोरगं सही करायला निघालं होतं, आणि तू गप्प? अगं, मेलो असतो मी!"

"हो," सज्जनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. "मी पण तेच म्हणत होते मनात. बोलले तर हे जगतील, पण नाव जाईल. नाही बोलले तर नाव राहील. यांना काय जास्त हवंय, तेच मला ठरवता येईना. इतकी वर्षं संसार केला, आणि मला ठरवता येईना हो."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. उसाची शेतं मागं पळत होती.

'चुकलं माझं', एवढंच शेठना म्हणायचं होतं. डॉक्टरीणबाईंपुढं जिलेबीचं नाव घेणं त्यामानानं सोपं गेलं होतं. नवापूर आलं, गेलं. शेठनी दोनदा घसा खाकरला. नंदुरबारला गाडी थांबली, रिषभ पिशव्या घेऊन उतरला, सज्जनबाई उठल्या, तरी ते दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघाले नव्हते.